पूर्वज्ञानाचा रकाना

मे महिन्यात चार दिवस थंड हवेच्या ठिकाणी जायचं, हे आमच्या घरात दरवर्षी ठरतं आणि दरवर्षी मोडतं. काही वर्षं रमजानच उन्हाळ्यात येत होता. मग घराचं बांधकाम निघालं. मग अब्बांचं आजारपण. यंदा मात्र लेकीची बारावी संपली, धाकटा नववीत गेला आणि एप्रिलमध्येच सोलापूरचा पारा ४२ अंशांवर जाऊन बसला. रात्री जेवताना लेकीनं जाहीर केलं, "या वर्षी गेलो नाही तर पुढच्या वर्षी मी हॉस्टेलवर असेन. मग तुम्ही आपले तिघं-चौघं जा."

ह्यांनी लगेच महाबळेश्वर सुचवलं. जवळचं, ओळखीचं, भाषेची अडचण नाही. धाकट्यानं मनाली म्हटलं, कारण त्याच्या वर्गातला कुणीतरी जाऊन आला होता. मी काहीच म्हटलं नाही, कारण कुठंही गेलो तरी बॅगा मलाच भरायच्या असतात. एवढ्यात अम्मी ताटातला भात कालवता कालवता म्हणाली, "ऊटी जाते क्या?"

सगळे गप्प झाले. अब्बा गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, अम्मी आमच्याकडे असते. वय अडुसष्ट. कुठं जायचं, काय घ्यायचं, कुणाला बोलवायचं, यातल्या कशातच ती मत देत नाही. तिचे आजवरचे सगळे प्रवास दुसऱ्यांच्या कामाचे. पुण्याला भाच्यांची लग्नं, हैदराबादला मामांची मय्यत, गुलबर्ग्याला ख्वाजा बंदेनवाजांचा उर्स. तुला कुठं जावंसं वाटतं, असं तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"ऊटीच का गं?" मी विचारलं.

"तेरे अब्बा जाते थे ना."

अब्बा लॉरीवर ड्रायव्हर होते. सोलापुरी चादरींच्या आणि टॉवेलांच्या गाठी घेऊन दक्षिणेत जायचे आणि परतीला मिळेल तो माल भरून यायचे. आठ-दहा दिवसांनी घरी आले की खाकी शर्टाच्या खिशातून कधी कधी एक लहानशी बाटली निघायची. निलगिरीचं तेल. आम्हा भावंडांना सर्दी झाली की अम्मी रुमालावर दोन थेंब टाकून द्यायची. पण बाटली खरं तर तिची होती, तिच्या कपाटात, तिच्या ओढण्यांमध्ये. लॉरीत बायकामुलांना कसं न्यायचं, म्हणून तिनं ते गाव पाहिलं नाही, फक्त हुंगलं.

महाबळेश्वर आणि मनाली त्या रात्रीच बाद झाले.

शिक्षकाच्या घरात कुठल्याही कामाचं टाचण होतं. बीएडला शंभर वेळा लिहिलेलं पाठ टाचण हातात इतकं मुरलं आहे की मी किराण्याची यादीसुद्धा रकाने पाडून करते. दुसऱ्या दिवशी मी जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पाठीवर मथळे लिहिले. घटक: ऊटी. उद्दिष्टे. शैक्षणिक साहित्य. पूर्वज्ञान. अध्यापन पद्धती. मूल्यमापन. धाकट्यानं अध्यापन पद्धतीसमोर 'गाडी' लिहिलं आणि ह्यांनी मूल्यमापनासमोर 'पेट्रोलचं बिल'. पूर्वज्ञानाच्या रकान्यात मी एक आडवी रेघ ओढली. आमच्यापैकी कुणीच तिकडं गेलेलं नव्हतं, मग पूर्वज्ञान कसलं?

नकाशावर पाहिलं तर सोलापूर ते ऊटी साधारण आठशे किलोमीटर भरलं. सोलापूरहून विजापूर शंभर. तिथून आलमट्टीवरून होसपेट आणखी दोनशे. होसपेटहून चित्रदुर्ग सव्वाशे-दीडशे. चित्रदुर्गाहून हिरियूर, श्रीरंगपट्टण करत मैसूर अडीचशेच्या आत. आणि मैसूरहून गुंडलुपेट, बंदीपूर, मुदुमलाईच्या जंगलातून वर ऊटी. ह्यांनी चष्मा काढून विचारलं, "ही तुमची छोटी सहल?" मग त्यांनीच हिशेब मांडला. पहिला मुक्काम चित्रदुर्ग, दुसरा मैसूर, ऊटीत दोन रात्री आणि परत तसंच. चार दिवसांची सहल सात दिवसांची झाली.

बाकीचे रकाने भराभर भरले. साहित्यात अम्मीनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी लिहायला लावली, कारण वाटेत हलाल मिळो न मिळो, ती आठवडाभर टिकते. आमच्या गावात स्वेटर ही वस्तू शोधूनच काढावी लागते. ऊटीची उंची २२४० मीटर, मे महिन्यातही संध्याकाळी गारठा असतो, म्हणून ट्रंकेतल्या शाली उन्हात टाकल्या. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या निलगिरी जिल्ह्यात चालत नाहीत, म्हणून स्टीलच्या घेतल्या. गाडीचं पीयूसी, इन्शुरन्स, स्टेपनीची हवा हे ह्यांच्याकडे. नमाजेचं मी आणि अम्मीनं ठरवलं. साधारण ७८ किलोमीटरच्या पुढचा प्रवास असला की माणूस मुसाफिर होतो आणि चार रकातींच्या फर्ज नमाजेच्या दोन होतात. म्हणजे विजापूरच्या आधीच आम्ही मुसाफिर होणार. धाकट्याचा चेहरा खुलला. परीक्षेचा अभ्यासक्रमही प्रवासात निम्मा होतो का, असं त्यानं विचारलं.

अडलं ते एका ठिकाणी. ऊटीला जाणाऱ्या गाडीला ई-पास लागतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं मे २०२४ पासून तो सुरू झाला. २०२५ च्या उन्हाळ्यात तर न्यायालयानं गाड्यांची मर्यादाच घातली, आठवड्यातल्या दिवशी ६०००, शनिवार-रविवारी ८०००. डोंगराला किती माणूस झेपतो, याचा कुणीतरी हिशेब मागितला, हे मला आवडलं. ऐन हंगामात पोचणार म्हणून आम्ही शनिवार-रविवार टाळला आणि बुधवारी वर चढायचं ठरवलं. पण पासाच्या अर्जात गाडीचा नंबर, माणसं किती, कधी येणार, कधी जाणार याबरोबर मुक्काम कुठं तेही विचारतात. म्हणजे आधी खोली पक्की हवी. आणि खोलीची अट एकच होती: अम्मीच्या गुडघ्यांना जिना नको.

लेकीनं मोबाइलवर एक लहानसं, घरगुती लॉज शोधलं. फोन मी लावला. उर्दू शिकवते, तिकडं मालक मुसलमान दिसतोय, म्हणजे काम सोपं, असं मला वाटलं. मी माझ्या वर्गातल्या आवाजात सुरुवात केली, "जनाब, हमें दो कमरे दरकार हैं. वालिदा चूँकि ज़ईफ़ हैं, इसलिए..." पलीकडं शांतता. मग हळूच आवाज आला, "मॅडम, हाऊ मेनी पर्सन्स?"

लेकीनं माझ्या हातातून फोन घेतला. तिचं इंग्रजी आणि त्याचं इंग्रजी थोडा वेळ एकमेकांना शोधत राहिलं. ग्राउंड फ्लोअर आहे का? आहे. गीझर? आहे. पार्किंग? आहे. तिनं अंगठा वर केला. पैसे भरणार एवढ्यात अम्मी म्हणाली, "मेरेकू दे."

तिनं फोन कानाला लावला. "हौ बाबा, मैं सोलापूर से बोलतूँ. मेरे घुटनों में दम नैं. सडक से कमरे तक कित्ती सीढियाँ हैं, वो बोल."

पलीकडचा आवाज एकदम मोकळा झाला. इतका मोठ्यानं बोलायला लागला की आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. "नीचे के कमरे कू बीस हैं अम्मा. पूरी उतराई है इधर. तुमना नीचे का नक्को. ऊपर का लेओ, सडक के बराबरच है, एक सीढी नैं."

डोंगरउतारावरचं घर. रस्ता वरच्या मजल्याला येऊन लागतो आणि तळमजला वीस पायऱ्या खाली. माझ्या शुद्ध उर्दूला आणि लेकीच्या इंग्रजीला हे विचारायचं सुचलंच नव्हतं. आम्ही मजला विचारत होतो. अम्मीनं पायऱ्या विचारल्या.

त्यानंतर दहा मिनिटं दोघं बोलत होते. तो मूळचा मैसूरचा निघाला. त्याच्या आईचेही गुडघे दुखतात. संदासात कमोड आहे. स्वयंपाक घरचाच, त्याची बायकोच करते. "सालन में तिखट कम डालतूँ बोलूँ क्या उसकू?" असं त्यानं विचारलं आणि अम्मी म्हणाली, "नक्को बाबा, हम सोलापूर के हैं." फोन ठेवून तिनं माझ्याकडं पाहिलं आणि अगदी साधेपणानं सांगितलं, "तेरे अब्बा बोलते थे, ऊटी तक अपनीच बोली चलती."

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण सांगते.

मी वीस वर्षं उर्दू शाळेत शिकवते. एका तासाला उर्दू, दुसऱ्या तासाला मराठी. या वीस वर्षांत माझ्या लाल पेनानं सर्वांत जास्त वेळा जे शब्द खोडले ते हेच. मेरेकू. कायकू. हौ. नक्को. उर्दूच्या वहीत 'नक्को' आला की मी तो मराठीचा म्हणून खोडायचे. मराठीच्या वहीत 'हौ' आला की तो आमच्या बोलीचा म्हणून खोडायचे. मुलांच्या घरात जे बोललं जातं त्याला माझ्या दोन्ही तासांत जागा नव्हती.

एक मुलगी आठवते. नववीत होती. 'मेरा एक यादगार सफ़र' असा निबंध दिला होता. ती दादीबरोबर एसटीनं गुलबर्ग्याच्या उर्साला गेली होती, त्याबद्दल तिनं लिहिलं होतं. एस्टी लागल्या लागल्या दादी गर्दीत घुसली आणि म्हणाली, "मेरेकू खिडकी होना." मी ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'दादी ने फ़रमाया कि मैं खिड़की के क़रीब बैठना चाहती हूँ.' पानभर दादी बोलत होती आणि पानभर मी तिला दुरुस्त करत होते. वही परत दिली तेव्हा मुलीनं वाचून पाहिलं आणि उभी राहून म्हणाली, "टीचर, मेरी दादी ऐसा बोलतीच नैं." वर्ग हसला. मीही हसले. त्यानंतर तिनं निबंधात दादी आणली नाही. निबंध शुद्ध होत गेले आणि तिला गुणही चांगले मिळाले. आज वाटतं, त्या निबंधांमध्ये माणूस राहिला नव्हता.

गंमत अशी की मला हे माहीत नव्हतं असं नाही. पदवीला उर्दू साहित्याचा इतिहास शिकले. त्याची पहिली पानं सगळी दख्खनचीच आहेत. बिदरच्या बहमनी काळात, पंधराव्या शतकात लिहिलेली निज़ामीची 'कदमराव पदमराव' ही मसनवी दख्खनीत आहे. हैदराबाद वसवणाऱ्या कुली कुतुबशाहाचा दीवान दख्खनीत आहे. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहानं संगीतावर 'किताब-ए-नौरस' रचलं तेही दख्खनीत. दिल्लीच्या शायरांना उर्दूत गझल लिहिण्याची गोडी लागली ती आपल्याकडच्या वली दख्खनीमुळं. यावर मी परीक्षेत लांबलचक उत्तरं लिहिली होती, गुणही मिळवले होते. बादशाहानं लिहिलं की ते साहित्य. नववीतल्या मुलीच्या दादीनं तेच म्हटलं की चूक.

आणि 'नक्को' आला कुठून? आपल्या मराठीतून. 'अपनीच', 'बराबरच' यातला 'च' सुद्धा मराठीच. मी वर्गात दोन भाषा शिकवते आणि त्या दोघी ज्या घरात शेकडो वर्षं एकत्र नांदतात, त्या घराचाच पत्ता मी खोडत आले.

अम्मीलाही मी सोडलं नव्हतं. माझ्या लग्नात सासरचे शिकलेले लोक आले होते, तेव्हा मी तिला हळूच सांगितलं होतं की जास्त बोलू नकोस. शाळेतून कुणाचा फोन आला तर तू उचलू नकोस, असं तर मागच्याच वर्षी सांगितलं. तिनं कधी कारण विचारलं नाही. कारण तिला कळलं होतं, हे मला त्या रात्री कळलं.

बीएडच्या पहिल्याच महिन्यात अध्यापनाची सूत्रं पाठ करून घेतात. त्यातलं एक: ज्ञाताकडून अज्ञाताकडे. मुलाला जे आधीपासून येतं तिथून सुरुवात करा आणि जे येत नाही तिकडं न्या. टाचणातला पूर्वज्ञानाचा रकाना त्यासाठीच असतो. मी तो आयुष्यभर 'विद्यार्थ्यांना नाम व सर्वनाम माहीत आहे' असल्या वाक्यांनी भरला. आणि परवा ऊटीच्या टाचणात तर त्याच्यावर सरळ रेघच ओढली होती.

सकाळी फजरनंतर अम्मी तसबीह घेऊन गॅलरीत बसली होती. मी हजेरीपटाचा तो कागद घेऊन तिच्याजवळ बसले. म्हटलं, "अब्बा रस्त्याचं काय काय सांगायचे, सांग."

ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. नाहीतरी कधी वाहिलं नव्हतं ते सगळं वाहत आलं. तिला आमच्या मोबाइलसारखे किलोमीटर माहीत नाहीत, पण गावांचा क्रम तोंडपाठ आहे. तेव्हाचा तो १३ नंबरचा हायवे, सोलापुरातून निघून विजापूर, होसपेट, चित्रदुर्गावरून पुढं मंगळूरला जाणारा. होसपेटला तुंगभद्रेचं धरण आलं की अब्बा अंघोळ करायचे. चित्रदुर्गाला वारा सुटतो, तिथं गाडी लावून झोपायचं. श्रीरंगपट्टणला हैदर अली आणि टिपूच्या गुंबजावर फातेहा पढल्याशिवाय पुढं जायचं नाही. बंदीपूरच्या जंगलात हत्तीला रस्ता द्यायचा, हॉर्न मारायचा नाही, खिडकीतून काही टाकायचं नाही.

एवढ्यावर मला दुरुस्ती करायची संधी मिळाली. मी सांगितलं की आता बंदीपूरमधून रात्री नऊ ते सकाळी सहा रस्ता बंद असतो. २००९ पासून. रात्रीच्या गाड्यांखाली जनावरं मरायची म्हणून. ती म्हणाली, "अच्छा किए. जनावरां कू बी नींद होना ना."

ह्यांचा बेत वेगळा होता. मैसूरकडून ऊटीला दोन वाटा आहेत. मसिनगुडीवरून जवळची, पण कल्लटीच्या घाटात छत्तीस हेअरपिन वळणं आणि चढ उभा. दुसरी गुडलूरवरून, तीस-एक किलोमीटर लांब, पण चढ सोसवणारा. ह्यांना छत्तीस वळणांची हौस होती, धाकटा तर मोजायला तयार बसला होता. अम्मीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तेरे अब्बा गुडलूर से जाते थे. भरी गाडी उधरसेच जाती." आमची गाडी पाच माणसं, सात बॅगा आणि कडक भाकरींच्या डब्यासकट भरलेलीच असणार. ह्यांनी मुकाट्यानं नकाशावर बोट सरकवलं.

ई-पास मिळाला. क्यूआर कोड असलेला कागद लेकीनं छापून आणला आणि फ्रिजवर टाचणाशेजारी लावला. टाचणात आता सर्वांत भरलेला रकाना पूर्वज्ञानाचा आहे. जागा पुरली नाही म्हणून मागच्या बाजूला गेला आहे. मी लिहिलं तसंच ठेवलं आहे, अम्मीच्या शब्दांत. एकदा सवयीनं 'जनावरां' मधला अनुस्वार खोडायला पेन उचललं होतं. परत खिशात ठेवलं.

जूनमध्ये शाळा उघडेल. मी प्रमाण उर्दू शिकवायचं सोडणार नाही, प्रमाण मराठीही नाही. दहावीचा पेपर अम्मीच्या बोलीत लिहून भागत नाही, आणि माझ्या मुलांना पुढं जायचं आहे. फक्त 'नक्को'च्या खाली लाल रेघ मारायची नाही, असं ठरवलं आहे. शेजारी लिहायचं: घरी असं म्हणतात, पेपरात असं लिहितात. आणि निबंधात दादी बोलत असेल तर तिला बोलू द्यायचं. त्या जुन्या मुलीचा पत्ता माझ्याकडं नाही. कुठं भेटली तर तिची दादी खिडकीजवळ बसली का, ते विचारेन. निबंधात तिनं ते लिहिलं होतं, पण मी चुका शोधत वाचला होता, त्यामुळं आठवत नाही.

सोमवारी फजर पढून निघायचं, इन्शाअल्लाह. काल रात्री कोण कुठं बसणार यावरून मुलांचं भांडण झालं. पुढची सीट धाकट्याला हवी होती आणि लेकीलाही. अम्मी शालीची घडी घालत होती. तिनं मान वर न करता निकाल दिला, "सामने मैं बैठतूँ. किलिनर की जगा."

कुणी काही बोललं नाही. ह्यांनी उठून ती सीट थोडी मागं सरकवली का ते पाहायला गाडीची किल्ली घेतली.